फार्मासिस्टची जागा वॉर्डात

इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाच्या सगळ्या औषधांकडे एकत्रितपणे, रोज आणि जबाबदारीने पाहण्याचे काम नेमके कोणाचे, या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत स्पष्ट उत्तर नाही. हृदयरोगतज्ज्ञ हृदयाची औषधे लिहितात, अस्थिरोग विभाग वेदनाशामक लिहितो, संसर्गासाठी प्रतिजैविक सुरू होते, रात्रपाळीचा निवासी डॉक्टर झोपेची गोळी वाढवतो, परिचारिका लिहिलेले वेळेवर देते आणि फार्मसीच्या खिडकीतून मागणीप्रमाणे औषध येते. यांतील प्रत्येकाने आपले काम चोख केले, तरी रुग्णाच्या पोटात आणि शिरेत एकाच दिवशी जाणाऱ्या बारा-चौदा औषधांचा परस्परांशी, त्याच्या मूत्रपिंडाशी, यकृताशी आणि वयाशी मेळ बसतो की नाही, हे पाहायचे राहून जाऊ शकते. माझ्या मते हे काम क्लिनिकल फार्मासिस्टचे, म्हणजे वॉर्डात रुग्णाच्या औषधोपचारावर लक्ष ठेवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या औषधतज्ज्ञाचे आहे, ते त्याला अधिकारासह नेमून द्यायला हवे आणि गोव्यासारख्या लहान, हाकेच्या अंतरावरच्या राज्याने त्यात पुढाकार घ्यायला हवा.

औषधांबाबतची शिस्त म्हणजे काय, हे गोव्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. वेर्णा आणि पिळर्ण येथील औषध कारखान्यांत आपली किती तरी मुले-मुली काम करतात. गोळीतील घटकद्रव्याचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर तेथे संपूर्ण बॅच अडवली जाते, प्रत्येक टप्प्याची नोंद होते आणि एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याची सही लागते. तीच गोळी इस्पितळात पोहोचली, की ती योग्य माणसाला, योग्य मात्रेत, योग्य तितके दिवस दिली जाते का, हे पाहणारी दुसरी नजर मात्र बहुतेक ठिकाणी नियमाने नेमलेली नसते. परिचारिका ती जबाबदारी जमेल तशी उचलतात आणि अनेकदा चूक त्यांच्याच लक्षात येते. परंतु एका पाळीत तीस-चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेकडून प्रत्येक औषधाच्या मात्रेचे गणित तपासून घेण्याची अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

हे गणित किती अवघड असू शकते, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली ७८ वर्षांची, ४२ किलो वजनाची आजी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे दाखल झाली आहे आणि तिला न्यूमोनियाही आहे. तिच्या रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, १.२ आले. छापील मर्यादेच्या जरासे वर, म्हणून कोणाच्या डोळ्यांत ते भरत नाही. पण औषधांच्या मात्रा ठरवण्यासाठी १९७६ पासून वापरात असलेले कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावले, वय, वजन आणि स्त्री असणे हे तिन्ही हिशेबात धरले, तर तिच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २६ मिलिलिटर निघते. गुठळीसाठी दिले जाणारे एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन एरवी दर बारा तासांनी देतात. ही क्षमता ३० च्या खाली असेल तर ते दिवसातून एकदाच द्यायचे असते. म्हणजे नेहमीच्या सवयीने लिहिलेली मात्रा तिच्यासाठी दुप्पट ठरते आणि त्याचा परिणाम रक्तस्रावाच्या रूपाने दिसू शकतो. न्यूमोनियासाठी लिवोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ७५० मिलिग्रॅमच्या मात्रेत लिहिले असेल तर तेही रोज देण्याऐवजी एक दिवसाआड द्यावे लागेल.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. आजकाल प्रयोगशाळेच्या अहवालावर क्रिएटिनिनच्या जोडीला 'ईजीएफआर' हा, मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज देणारा आकडाही छापून येतो. या आजीच्या बाबतीत नव्या सूत्राने तो ४६ च्या आसपास येईल, कारण तो आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठफळाच्या प्रमाणित शरीरासाठी काढलेला असतो आणि आजीचे शरीर त्याहून पुष्कळ लहान आहे. तेव्हा अहवाल ४६ म्हणतो, औषधाच्या माहितीपत्रकाला अपेक्षित असलेले सूत्र २६ म्हणते, आणि यांपैकी कोणता आकडा कोणत्या औषधासाठी धरायचा हे ज्याला ठाऊक आहे व जो रोज तेच पाहतो, असा माणूस वॉर्डात असण्या-नसण्यावर त्या आजीची सुरक्षितता अवलंबून राहते. सकाळी साठ रुग्णांची फेरी, मग ओपीडी, मग विद्यार्थ्यांचे वर्ग असा दिवस असलेल्या डॉक्टरांना हे कळत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. कळते; पण प्रत्येक खाटेपाशी थांबून हा हिशेब करण्याइतका वेळ त्यांच्याकडे उरत नाही.

दुसरा धोक्याचा क्षण दाखल होण्याचा. गोमंतकीय रुग्ण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत किमान तीन ठिकाणची औषधे असतात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, मडगाव किंवा म्हापशाच्या खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःच घेतलेली वेदनाशामके. पाकिटांवरची व्यापारी नावे वेगवेगळी असल्यामुळे एकच द्रव्य दोन नावांनी पोटात जात असते, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नसतो. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वृद्धाने मे महिन्याच्या उकाड्यात, पाणी कमी पडलेले असताना, आठवडाभर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेतले तर त्याचे मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. ही तिन्ही औषधे एकत्र येण्याचा धोका औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवला जातो. इस्पितळात मात्र 'आधीची औषधे चालू ठेवा' एवढी एक ओळ लिहिली गेली, की पिशवीतील सगळा घोळ जसाच्या तसा केसपेपरवर येतो.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. येथील घराघरांत कोणी जहाजावर तारवटी म्हणून गेलेला असतो, कोणी आखातात असतो, कोणी पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला असतो, आणि गावच्या घरात मागे राहिलेल्या वृद्ध आई-वडिलांसाठी तेथून औषधे येत असतात. पोर्तुगालहून आलेले बेन-उ-रॉन, आखातातून आलेले पॅनाडॉल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले क्रोसिन हे तिन्ही पॅरासिटामॉलच आहे. ताप आणि अंगदुखी अशा दोन कारणांसाठी ही तिन्ही घेणारा माणूस दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडू शकतो, आणि त्याचे यकृत आधीच दुबळे असेल तर त्याहून कमी मात्राही त्याला महागात पडते. दाखल होताच २४ तासांच्या आत या पिशवीतील प्रत्येक पाकीट हातात घेऊन, द्रव्याच्या मूळ नावाने यादी करून, घरच्यांना विचारून, गरज पडल्यास गावच्या फार्मासिस्टला फोन करून खरी यादी तयार करणे हे क्लिनिकल फार्मासिस्टचे पहिले काम असले पाहिजे. यादीत वैद्यांनी दिलेले काढे आणि चूर्णेही आली पाहिजेत. ज्येष्ठमध भरपूर प्रमाणात व दीर्घकाळ घेतले तर शरीरातील पोटॅशियम कमी होते, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरुग्णासाठी ती क्षुल्लक बाब नाही. हे रुग्ण आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते औषधच नसते.

घरी जाण्याचा दिवस तर याहून नाजूक असतो. खाट रिकामी व्हायची असते, नातेवाईकांना बस गाठायची असते, आणि काणकोण किंवा दोडामार्गला परतणाऱ्या कुटुंबाच्या हाती इंग्रजीत लिहिलेला डिस्चार्ज कागद पडतो. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घटून माणसे दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त गोठू न देणारे वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाने महिनाभराने दात दुखला म्हणून मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक घेतले तर त्याचे रक्त गोठण्याची क्रिया धोकादायक मर्यादेपलीकडे मंदावते. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेणाऱ्या माणसाने एकादशीला नेहमीसारखीच गोळी घेऊन निर्जळी उपास केला तर साखर उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. दमेकऱ्याला श्वासातून घ्यायचे औषध दिले, पण ते ओढण्याची पद्धत दाखवली नाही, तर औषधाचा बराचसा भाग घशातच राहतो. या गोष्टी कोकणीत किंवा मराठीत, आणि स्थलांतरित मजुरांशी हिंदीत वा कन्नडमध्ये, पंधरा मिनिटे बसून सांगाव्या लागतात. रुग्णाने त्या परत सांगून दाखवल्या की मगच कळल्या असे म्हणता येते. हे काम कोणी करत नाही, असे नाही. ज्याला सवड मिळते तो करतो, आणि सवड कोणालाच नसते त्या दिवशी ते होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले, तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला होता: अधिक जोखमीची औषधे व प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो काळ. वर सांगितलेली तिन्ही प्रकारची उदाहरणे नेमकी याच तीन ठिकाणी बसतात. आणि या बाबतीत गोव्याची स्थिती देशात इतरांपेक्षा अधिक काळजीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि थकलेले मूत्रपिंड एकाच वृद्ध शरीरात, असा रुग्ण आपल्या इस्पितळांत अपवाद राहिलेला नाही.

क्लिनिकल फार्मासिस्टमुळे खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न विचारायलाच हवा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अतिदक्षता विभागात झालेला अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. तेथे एक अनुभवी फार्मासिस्ट रोज सकाळी डॉक्टरांच्या फेरीत सहभागी होई, सकाळचा वेळ विभागातच थांबे आणि उरलेला दिवस फोनवर उपलब्ध असे. औषधे लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे रुग्णाला पोहोचणारी, टाळता येण्याजोगी हानी त्यामुळे ६६ टक्क्यांनी घटली: दर १००० रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर. फार्मासिस्टच्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी स्वीकारल्या. मला या दुसऱ्या आकड्याचे मोल अधिक वाटते. फार्मासिस्ट वॉर्डात आला की डॉक्टरांशी खटके उडतील, ही भीती आपल्याकडे फार बोलून दाखवली जाते. प्रत्यक्षात सूचना नेमकी, वेळेवर आणि समोरासमोर आली तर डॉक्टर ती मान्य करतात, असे तेथे दिसले.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की इस्पितळातील रुग्णांच्या औषधांचा केवळ आढावा घेतल्याने मृत्युदर किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते का, याविषयीचे जगभरातील निष्कर्ष इतके ठळक नाहीत. मुक्कामात एकदाच कागद पाहून शेरा लिहिणारा फार्मासिस्ट आणि रोज फेरीत डॉक्टरांच्या शेजारी उभा असलेला फार्मासिस्ट यांच्या कामात मोठे अंतर आहे. औषध लिहिले जात असतानाच बोललेली एक सूचना, दोन दिवसांनी केसपेपरला टाचलेल्या चिठ्ठीहून अधिक उपयोगी पडते. म्हणूनच फार्मासिस्टला एखाद्या समितीवर घेऊन किंवा तळमजल्यावरच्या कार्यालयात बसवून हा प्रश्न सुटणार नाही. त्याची जागा वॉर्डातच हवी.

कायद्याची आणि शिक्षणाची बाजू आपल्याकडे बरीच पुढे गेलेली आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. २०१५ च्या फार्मसी व्यवसायविषयक नियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे ही त्याची कर्तव्ये म्हणून नोंदवली. मैसूर आणि उटी येथील महाविद्यालयांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच वॉर्डावर आधारित पदव्युत्तर शिक्षण सुरू केले होते, आणि २००८ पासून भारतीय फार्मसी परिषदेने सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आणला, ज्याचे शेवटचे वर्ष इस्पितळातील इंटर्नशिपचे असते. एवढे सगळे झाल्यावर सरकारी इस्पितळांच्या आस्थापनेत मात्र फार्मासिस्टचे पद अजूनही मुख्यतः साठा सांभाळणे आणि औषध वाटणे यांसाठीच मोजले जाते. परिणामी अशा प्रशिक्षणावर सहा वर्षे घालवलेले तरुण औषध कंपन्यांतील दुष्परिणाम-नोंदणीच्या किंवा वैद्यकीय बिलांच्या संगणकीय कामाकडे वळतात, नाही तर परदेशी जातात. त्यांच्या नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही, या वादावर या देशात जेवढी शाई खर्च झाली, तेवढी त्यांनी वॉर्डात काय करावे यावर झाली असती तर बरे झाले असते.

गोव्यात हे जुळवून आणणे इतर राज्यांपेक्षा सोपे आहे. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या एस्कोला मेडिको या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय विद्यालयात वैद्यकाबरोबर फार्मसीचेही शिक्षण दिले जाई. दोन्ही विद्या एकाच छपराखाली शिकवण्याची परंपरा येथे देशात फार आधी सुरू झाली होती. मुक्तीनंतर १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि फार्मसी महाविद्यालय अशा दोन संस्था झाल्या. एक बांबोळीला आहे, दुसरी पणजीत अठरा जून रस्त्यावर, आणि दोहोंमधले अंतर जेमतेम आठ किलोमीटरांचे आहे. दोन्ही सरकारी आहेत. फार्मसीच्या शिक्षकांनी आठवड्यातले काही दिवस गोमेकॉच्या वॉर्डात काम करावे, त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेथे रुग्णांच्या औषधयाद्या करायला शिकावे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर एकाच फेरीत उभे राहावे, यासाठी नवी इमारत लागत नाही, दोन खात्यांत एकमत लागते. विद्यार्थी असताना जे एकमेकांशेजारी उभे राहिले नाहीत, ते नोकरीत एकमेकांचे ऐकतील अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. रुग्णाची अंतिम जबाबदारी डॉक्टरची असते, मग मध्ये तिसऱ्याने का बोलावे, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर अधिकारांची लेखी आखणी हे आहे. औषध लिहिण्याचा आणि बदलण्याचा अधिकार डॉक्टरचाच राहील; फार्मासिस्ट केसपेपरवर ठरलेल्या जागी आपली सूचना, कारणासह आणि सहीसह लिहील; डॉक्टर ती स्वीकारतील किंवा नाकारण्याचे कारण लिहितील. एवढ्यानेच जबाबदारी पुसट न होता अधिक स्पष्ट होते. एक अपवाद मात्र मला आवश्यक वाटतो. मात्रा उघडउघड जिवावर बेतणारी असेल, उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट रोज लिहिले गेले असेल, तर डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत ते औषध रोखून धरण्याचा अधिकार फार्मासिस्टला हवा, आणि तो त्याने वापरला म्हणून त्याला कोणी बोलू नये, याची हमी अधीक्षकांनी द्यायला हवी.

दुसरा आक्षेप संगणकाचा. सगळ्या नोंदी संगणकावर आल्या की औषधांच्या परस्परक्रियांचे इशारे यंत्रच देईल, मग माणूस कशाला? संगणकीकरण हवेच, आणि फार्मासिस्टचे निम्मे श्रम त्याने वाचतील. पण अशी प्रणाली किरकोळ आणि गंभीर अशा दोन्ही बाबतींत सारखेच इशारे देत राहते, डॉक्टर त्यांना कंटाळून एकामागून एक बाजूला सारू लागतात आणि खरा इशाराही त्यात वाहून जातो, हा अनुभव जिथे या प्रणाली आधी आल्या तिथे सर्वत्र आला आहे. शिवाय यंत्राला पिशवीतले बेन-उ-रॉन दिसत नाही, काढा दिसत नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला रात्रीपासून उपाशी ठेवले असताना सकाळचे इन्सुलिन नेहमीसारखेच लिहिलेले राहिले आहे, हे नोंद करणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि सरकारी खात्यात तोच निर्णायक ठरतो. नव्या पदांना खर्च येतो हे खरे आहे. पण चुकीच्या मात्रेमुळे वाढलेले इस्पितळातील दिवस, तोंडावाटे देता येण्याजोगे असताना शिरेतून चालू राहिलेले महागडे प्रतिजैविक, कारण संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहिलेली आम्लपित्ताची गोळी, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेतून खासगी इस्पितळाला दिला जाणारा पैसा हा सगळा आज सरकारच्या, म्हणजे आपल्याच खिशातून जातो. तो वेगळ्या शीर्षाखाली दिसत नाही, एवढाच फरक. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर हा विचार पैशापलीकडचा आहे. औषधविक्रीच्या नियमांत २०१३ साली अधिसूचित झालेल्या एच-१ अनुसूचीने तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम ही औषधे दुकानांत नोंदवहीच्या शिस्तीत आणली. इस्पितळाच्या आत ती किती दिवस, कोणत्या मात्रेत आणि कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा अहवाल पाहून दिली जातात का, याकडे रोज पाहणारा माणूस मात्र त्या अनुसूचीने दिलेला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप माझ्या मते शिक्षणाच्या दर्जाचा आहे आणि तो डॉक्टर मंडळी उघडपणे फारशी बोलून दाखवत नाहीत. देशात फार्म.डी.ची महाविद्यालये वेगाने वाढली, पण स्वतः वॉर्डात कधी काम न केलेल्या शिक्षकांच्या हाताखाली, केवळ करारापुरत्या जोडलेल्या इस्पितळात शिकलेला पदवीधर पहिल्याच फेरीत निरुत्तर होतो. एकदा असे झाले की त्या वॉर्डाचे दार पुढच्यांसाठीही बंद होते. म्हणून गोव्याने एकदम पन्नास पदे भरण्याच्या फंदात पडू नये. गोमेकॉच्या अतिदक्षता विभागात, मूत्रपिंडविकार विभागात, कर्करोग उपचारात आणि नवजात शिशूंच्या विभागात प्रत्येकी एक, असे नीट पारखून घेतलेले मोजके लोक नेमावेत आणि ज्या विभागप्रमुखांना ही कल्पना मनापासून पटते, त्यांच्याकडेच आधी द्यावेत. नवजात शिशूंच्या विभागाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. तेथे मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात, दशांश चिन्ह एका जागेने सरकले तर मात्रा दहापट होते, आणि प्रौढांसाठी बनवलेली औषधेच पातळ करून वापरावी लागतात.

या पदांबाबत एका गोष्टीवर तडजोड होता कामा नये. खिडकीवरच्या फार्मासिस्टलाच 'वेळ मिळेल तेव्हा वॉर्डातही जा' असे सांगून हे काम उरकले जाऊ नये. खिडकीसमोरची रांग डोळ्यांना दिसते, वॉर्डात टळलेला रक्तस्राव कोणालाच दिसत नाही. दोन्ही कामे एकाच्या गळ्यात पडली तर दरवेळी रांगच जिंकेल. वॉर्डातील फार्मासिस्टला खरेदीच्या व्यवहारापासूनही दूर ठेवावे, म्हणजे त्याची सूचना रुग्णाच्या हितासाठी आहे की साठा संपवण्यासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येणार नाही. त्याच्या कामाचे मोजमाप किती गोळ्या वाटल्या यावर होऊ नये. दाखल झाल्यावर २४ तासांत किती रुग्णांची खरी औषधयादी तयार झाली, किती गंभीर चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी अडल्या, किती सूचना स्वीकारल्या गेल्या आणि किती संशयित दुष्परिणाम राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवले गेले, या नोंदी दर तिमाहीला इस्पितळाने प्रसिद्ध कराव्यात. वर्ष-दोन वर्षांत आकडे बोलू लागले तर म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांसाठी पदे मागताना वित्त खात्यासमोर ठेवायला आपल्याकडे आपलाच पुरावा असेल, बोस्टनचा उसना पुरावा द्यावा लागणार नाही.

आणि बांबोळीत तयार झालेली यादी बांबोळीतच थांबू नये. पेडणे, वाळपई, कुडचडे, काणकोण येथील सरकारी आरोग्य केंद्रांत फार्मासिस्ट आहेत आणि ते आपल्या भागातील वृद्धांना नावानिशी ओळखतात. रुग्ण घरी निघाला की त्याची अंतिम औषधयादी, काय थांबवले व का थांबवले याच्या दोन ओळींसह, त्याच दिवशी त्या केंद्रातील फार्मासिस्टकडे पोहोचली पाहिजे, आणि आठवड्याच्या आत त्याने रुग्णाला किंवा घरच्यांना बोलावून घरातली सगळी पाकिटे त्या यादीशी ताडून पाहिली पाहिजेत. आज रुग्ण परतला की थांबवलेली जुनी गोळी पुन्हा सुरू होते, कारण ती घरात शिल्लक असते आणि ती घेऊ नये असे कोणी सांगितलेले नसते. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन तासांत पोहोचता येणाऱ्या गोव्यात ही साखळी उभी करायला एक सामायिक नोंद, एक फोन क्रमांक आणि दोन्ही टोकांना नाव घेऊन सांगता येईल असा जबाबदार माणूस, एवढेच लागते. येत्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याने त्याची तरतूद करावी, ही माझी मागणी आहे.